हिशोबात सुरक्षेचा फॅक्टर ३, तरी शाफ्ट तिसऱ्यांदा तुटला (आणि नोकरीचाही प्रश्न आहे)

तिरपी_रेघ

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, एक शाफ्टचा आणि एक नोकरीचा. पण ते एकमेकांत इतके अडकलेत की वेगळे लिहिता येत नाहीत.

मी मेकॅनिकल, डिझाइन विभागात चार वर्षं झाली. एका कन्व्हेयरचा हेड शाफ्ट (त्याला ओढणारा मुख्य दांडा) मी डिझाइन केलाय. ५.५ किलोवॅटची मोटर, पुढे गिअरबॉक्स, तिथून चेनने शाफ्ट. शाफ्ट मिनिटाला ७२ फेरे फिरतो. स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बेअरिंगच्या बाहेर लटकतं, बेअरिंगच्या मध्यापासून ११० मिमीवर. बेअरिंग ६२०९, म्हणजे तिथे शाफ्ट ४५ चा, आणि बेअरिंगच्या आतल्या बाजूला ५५ चा शोल्डर, म्हणजे शाफ्ट जाड होतो ती पायरी. मटेरियल ईएन ८ पोलाद. सर्टिफिकेटवर टेन्साइल (तुटण्याची ताकद) ६०० आणि यील्ड (कायमचं वाकायला लागतं तो ताण) ३४० मेगापास्कल.

माझा हिशोब असा. टॉर्क ७३० न्यूटन-मीटर. स्प्रॉकेटचा पिच सर्कल २०० मिमी व्यासाचा, म्हणून चेनची ओढ ७.३ किलोन्यूटन. बेअरिंगपाशी बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर) ८०० न्यूटन-मीटर. त्यातून बेंडिंगचा ताण ९० मेगापास्कल, पिळाचा ४१, दोन्ही मिळून साधारण ११५. यील्डशी ताडून पाहिलं तर फॅक्टर जवळजवळ ३ येतो. हे मी तीन वेळा तपासलं, एका सहकाऱ्याने वेगळं करून पाहिलं, आकडे तेच.

तरी तीन शाफ्ट तुटले. पहिला ११ आठवड्यांनी, दुसरा १२, तिसरा ९. मशीन रोज १६ तास, आठवड्याचे ६ दिवस चालतं. दर वेळी त्याच जागी, शोल्डरच्या कोपऱ्यात, करवतीने कापावा तसा सरळ तुकडा पडतो. कुठे वाकलेला नाही, काही नाही.

तिसऱ्यांदा तुटल्यावर मी एफईए केलं, म्हणजे कॉम्प्युटरवर शाफ्टचं मॉडेल बारीक तुकड्यांत (मेशमध्ये) वाटून ताण काढला. कोपरा लाल दिसला. मेश बारीक केला की आकडा वाढत जातो: २१०, मग २९०, मग ३८०. थांबतच नाही. साहेब म्हणाले तो मेशचा दोष आहे, त्याच्या नादी लागू नकोस. आता ईएन २४ या जास्त ताकदीच्या पोलादाचा शाफ्ट करायचं ठरतंय.

दुसरा प्रश्न. रिव्ह्यू मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ‘डिझाइनची चूक’ अशी नोंद झाली. ड्रॉइंगवर सही माझी आहे, त्यामुळे बोलायला जागाच नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसरीकडून फक्त सिम्युलेशनच्या कामासाठी बोलावणं आलंय. तिथे मॉडेल येतं, आपण रिपोर्ट द्यायचा, वस्तू आपल्या नावावर उभी राहत नाही. आज ते फार हवंसं वाटतंय. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. जावं का? आणि मुलाखतीत हे तुटलेले शाफ्ट सांगायचे की नाही?

नटबोल्ट

ताई, आकडे सगळे दिलेत, पण तुटलेल्या तुकड्याबद्दल एकच ओळ. तोंडावर काय दिसतंय? कडेपासून आत वर्तुळं वर्तुळं आहेत का? शेवटचा खडबडीत भाग किती मोठा, मध्यात की एका बाजूला? शोल्डरच्या कोपऱ्यात रेडियस (गोलवा) किती? आणि सगळ्यात आधी हे सांगा, हेच ड्रॉइंग आणखी किती मशीनवर चालू आहे?

तिरपी_रेघ

पहिला तुकडा भंगारात गेला होता. दुसरा आणि तिसरा मेन्टेनन्सच्या खोलीत दाराला अडसर म्हणून ठेवलेले सापडले! डिझेलने नुसते हलके धुतले, घासले नाहीत.

तोंड बरंचसं गुळगुळीत आहे. कडेला सगळीकडून बारीक पायऱ्यांसारख्या खुणा आहेत, मी ११ मोजल्या. तिथून आत लाटांसारख्या रेषा जातात. खडबडीत भाग लहान आहे, जेमतेम पाचवा हिस्सा असेल, आणि मध्यापासून थोडा सरकलेला.

रेडियस... ड्रॉइंगवर लिहिलेलाच नाही. मी आज टर्नरला विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, लिहिलेला नव्हता, मग टूलच्या इन्सर्टच्या टोकाचा जो येतो तो आला. ०.४.”

हेच ड्रॉइंग आणखी तीन मशीनवर आहे.

नटबोल्ट

मग उद्या सकाळी पहिलं काम ते तीन शाफ्ट. बेअरिंग काढून कोपऱ्यात डाय पेनेट्रंट (तडा दाखवणारा रंग) मारून बघा. चालू मशीनजवळ माणसं उभी असतात. बाकी चर्चा नंतर.

जुना_आस

मी फिरत्या यंत्रांच्या कामात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. नटबोल्ट यांनी योग्य क्रम लावला, आधी ते तीन शाफ्ट. आता बाकीचं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नात मला माझंच तिसरं वर्ष दिसलं.

तेव्हा माझा एका पंख्याचा शाफ्ट तुटला होता. आम्ही मटेरियल बदललं, परत तुटला. आणखी भारी मटेरियल आणलं, तोही तुटला. आमच्या एका फिटरकाकांनी शेवटी मला हाताला धरून नेलं, शाफ्टच्या कोपऱ्यात माझंच नख फिरवायला लावलं आणि विचारलं, “काय लागतंय?” नख अडकलं. मी दोन महिने कागद तपासत होतो आणि कागदावर तो कोपरा फक्त दोन रेघांचा काटकोन होता.

तुमचा हिशोब चुकलेला नाही. तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. ‘एकदाच भार दिला तर शाफ्ट वाकेल का’, याचं उत्तर ‘नाही’, फॅक्टर ३. पण तुमचा शाफ्ट फिरतोय आणि चेनची ओढ एकाच दिशेला आहे. त्यामुळे पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. अधिक ९०, उणे ९०. मिनिटाला ७२ वेळा, १६ तासांत ६९ हजार वेळा. १२ आठवड्यांत जवळजवळ ५० लाख. हा फटीग आहे, म्हणजे पुन्हा पुन्हाच्या ताणाने धातू थकून तुटणं, आणि तुकड्याच्या तोंडाचं तुम्ही केलेलं वर्णन तेच सांगतं. कडेच्या पायऱ्या म्हणजे तडे अनेक ठिकाणी एकाच वेळी सुरू झाले. कोपरा फार तीक्ष्ण असला की असं होतं. शेवटचा खडबडीत भाग लहान, म्हणजे एरवीचा ताण कमीच होता. उरलेल्या पाचव्या हिश्श्यानेही शेवटपर्यंत काम केलं. तुमचा शाफ्ट बारीक नाही, कोपरा वाईट आहे.

आता आकडे. पोलादाची फटीगची मर्यादा (ताण याच्या खाली असला तर कितीही फेरे झाले तरी तुटत नाही) टेन्साइलच्या साधारण निम्मी धरतात: ३००. ती आरशासारख्या पॉलिश केलेल्या छोट्या नमुन्याची. लेथवरच्या फिनिशसाठी सुमारे ०.८३ ने आणि ४५-५० मिमी व्यासासाठी ०.८२ ने गुणा. उरले २०० च्या आसपास.

दुसऱ्या बाजूला ताण. ०.४ रेडियस आणि ४५ व्यास, गुणोत्तर ०.०१ पेक्षाही कमी. अशा कोपऱ्यात ताण तिपटीहून जास्त होतो. ती सगळी पट धातूला जाणवत नाही, ईएन ८ सारख्या मऊ पोलादाला कमी जाणवते, तर २.४ धरू. ९० गुणिले २.४ म्हणजे २१५. मर्यादा २००. बघा, किती थोडक्यात हुकलंय. म्हणूनच तो पहिल्या आठवड्यात तुटत नाही आणि वर्षभर टिकतही नाही. त्यात भरलेला कन्व्हेयर थेट चालू करताना मोटर दुप्पट टॉर्क सहज देते, ते धक्के वेगळेच. दिवसात किती वेळा बंद-चालू होतं ते बघा. तिसरा शाफ्ट ९ आठवड्यांत का गेला याचं उत्तर तिथे असू शकतं.

ईएन २४ बद्दल. टेन्साइल ९०० धरा. मर्यादा वाढून २७० होईल. पण कठीण पोलाद खाचेला जास्त घाबरतं. तोच ०.४ चा कोपरा त्याला २.६५ पट जाणवेल, म्हणजे २४०. ताकद दीडपट घेतली आणि हातात काय आलं, तर काठावरून जरा आत. शिवाय पोलाद कुठलंही असो, ते वाकतं तितकंच. ईएन २४ चा शाफ्ट ईएन ८ पेक्षा कमी लवत नाही, हे अनेक अनुभवी लोकही विसरतात.

मग करायचं काय? दोन गोष्टी, दोन्ही स्वस्त. पहिली: रेडियस ४ करा. ताण मग सुमारे १.६ पट जाणवेल. पण ६२०९ ची आतली रिंग शाफ्टवर १ मिमीपेक्षा मोठा रेडियस चालवून घेत नाही, कोपऱ्यावर चढून बसेल. म्हणून शोल्डर आणि बेअरिंगच्या मध्ये एक स्पेसर रिंग घाला आणि तिच्या आतल्या कडेला मोठा चँफर (तिरका काप) द्या. रिंग रेडियसवरून अलगद जाईल, बेअरिंग रिंगेला टेकेल. बेअरिंगची जागा हलवू नका, शोल्डर आत सरकवा.

दुसरी: स्प्रॉकेट ११० मिमी बाहेर लटकवायचं कशासाठी? त्याचा हब (मधला जाड भाग) आतल्या बाजूला आहे ना? स्प्रॉकेट उलटं बसवा, दात बेअरिंगकडे आणि हब बाहेर. ७५ वर आलात तर मोमेंट ५५० च्या आत, ताण ६१, गुणिले १.६ म्हणजे ९८. मर्यादा २००. हा खरा फॅक्टर २. गिअरबॉक्सकडचं स्प्रॉकेटही तेवढंच सरकवावं लागेल, चेन एका रेषेत राहिली पाहिजे.

एफईएबद्दल तुमच्या साहेबांचं अर्धं बरोबर आहे. मॉडेलमध्ये कोपरा शून्य रेडियसचा असेल तर मेश कितीही बारीक करा, आकडा वाढतच जाणार, तो आकडा रिपोर्टात लिहायचा नसतो. पण लाल रंग जागा अचूक दाखवत होता. मॉडेलमध्ये खरा रेडियस काढा, मग आकडा एका जागी थांबेल.

एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती नेमकी याच कोपऱ्याची आहे. ८ मे १८४२ ला व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, आग लागली, पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी रँकिन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने आसांच्या तुटण्यावर लिहिलं. तेव्हा लोक म्हणत की लोखंड वापरून वापरून दाणेदार होतं. त्याने तुटलेल्या आसांमध्ये तडा कडेपासून आत कसा सरकतो ते दाखवलं आणि शोल्डरच्या जागी मोठा गोलवा द्या म्हणून सांगितलं. तेव्हा तो विशीतला पोरगा होता. नंतर प्रशियाच्या रेल्वेत व्होलर नावाच्या इंजिनिअरने वर्षानुवर्षं आस फिरवून फिरवून मोडले, त्यातून आज आपण वापरतो ती मर्यादा आली. तुम्ही ज्या जागी अडकलात तिथे याआधी फार मोठी माणसं अडकलेली आहेत. मीटिंगमधल्या त्या नोंदीचं ओझं थोडं हलकं व्हावं म्हणून हे लिहिलं.

नोकरीबद्दल मी बोलणार नाही. माझा काळ वेगळा होता.

खरादवाला

मी टर्नर आहे, २२ वर्षं लेथवर. जुना_आस काकांचं सगळं पटलं, पण स्पेसरचं माप बघा. रेडियस ४, म्हणजे चँफर ४ पेक्षा मोठा हवा, ४.५ धरू. तुमचा शोल्डर ५५ चा, उंची ५ मिमी. मग स्पेसर टेकायला उरला अर्धा मिमी! तो दाबाने चेपणार आणि बेअरिंग ढिलं होणार. शोल्डर ६० करा, ३ मिमी टेकायला मिळतात. स्पेसर ८ मिमी जाड, दोन्ही तोंडं समांतर, ग्राइंड केलेली.

ड्रॉइंगवर नुसतं R४ लिहू नका. ‘रेडियसला टूलची रेघ चालणार नाही’ असं स्पष्ट लिहा आणि फिनिश ०.८ मागा. आम्ही शेवटी बारीक पॉलिशपेपर शाफ्टच्या लांबीच्या दिशेने फिरवतो, गोल नाही. गोल फिरवला तर ओरखडे नेमके तड्याच्या दिशेने पडतात. तपासणीवाल्याकडे रेडियस गेज आहे का तेही विचारा. आणि शाफ्टचा नंबर पंचाने ठोकतात तो कुणी शोल्डरजवळ ठोकू नये. टोकाला ठोका.

अजून एक. टर्नर ०.४ म्हणाला म्हणून त्याच्यावर जाऊ नका. त्याने विचारायला हवं होतं हे खरं. पण आमच्याकडे दिवसाला वीस ड्रॉइंगं येतात, आणि प्रश्न विचारला की “ड्रॉइंगप्रमाणे कर” हेच उत्तर मिळतं. तुम्ही स्वतः खाली येऊन विचारलंत, ते त्याच्या लक्षात राहील.

तिरपी_रेघ

खरादवाला दादा, अर्ध्या मिलीमीटरचं मला सुचलंच नसतं. मी काल संध्याकाळी स्पेसर ५५ वरच काढून मोकळी झाले होते. मनापासून आभार.

मेशवाली

नोकरीच्या प्रश्नावर मी लिहिते, कारण तो रस्ता मी चाललेय. डिझाइनमध्ये पाच वर्षं, मग सिम्युलेशनमध्ये सहा, आणि आता परत डिझाइनमध्ये.

सिम्युलेशनचं काम चांगलं आहे. मला ते आवडायचं, आणि त्यात मी पुढेही गेले. पण तिथे आलेल्या मॉडेलमध्ये रेडियस नसतो. कुणीतरी आकार सोपा करताना तो उडवलेला असतो. बरोबरीच्या मुलांना त्याचं काही वाटायचं नाही, कारण त्यांनी तुटलेला तुकडा कधी हातात घेतलेला नव्हता. मी फोन करून विचारायची, “इथे खरा कोपरा कसा आहे?” हा प्रश्न मला माझ्या आधीच्या पाच वर्षांनी दिला. तुमच्याकडे तो आता आलाय, याच आठवड्यात आला.

तेव्हा जायचं तर जरूर जा, पण हा शाफ्ट चालता करून जा. आत्ता गेलात तर ‘डिझाइनची चूक’ हे शेवटचं वाक्य राहतं, कंपनीच्या फायलीत आणि त्याहून जास्त तुमच्या डोक्यात. मी एक गिअर हाउसिंग असंच अर्धवट टाकून गेले होते. पुढे ते कुणी दुरुस्त केलं, कसं केलं, मला आजही माहीत नाही, आणि तो सल अजून जात नाही. महिनाअखेरची मुदत पुढे ढकलता येते का ते विचारा. ज्यांना तुम्ही खरोखर हव्या आहात ते सहा आठवडे थांबतात.

सही नको असं वाटणं मला समजतं. पण सिम्युलेशनच्या रिपोर्टवरही सही असते. १९८१ मध्ये कॅन्सस सिटीच्या एका हॉटेलमधले टांगते पूल कोसळून ११४ माणसं गेली. वरपासून खालपर्यंत एकच सळई होती, तिच्या जागी दोन वेगळ्या सळया लावायचा बदल झाला आणि वरच्या पुलाच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. बदल दिसायला किरकोळ होता, ड्रॉइंगवर मंजुरी होती, पण त्या जोडाचा हिशोब कुणी केला नाही. ज्यांची मंजुरी होती त्या इंजिनिअरांचे परवाने गेले. तिथल्या एकाही माणसाला आपण फार मोठा निर्णय घेतोय असं वाटलं नसेल. तुमचा लिहायचा राहिलेला रेडियस त्याच जातीचा आहे, फक्त तुमच्या वेळी नशिबाने कुणाला इजा झाली नाही. भीती घालायला सांगत नाहीये. सही टाळता येत नाही, ती कशावर करायची ते शिकता येतं, आणि ते तुम्ही सध्या शिकताय.

मुलाखतीत शाफ्ट नक्की सांगा. मी आता मुलाखती घेते. ‘माझ्या शाफ्टवर रेडियस लिहायचा राहिला, तीन तुटले, मी दाराला लावलेला तुकडा उचलून धुतला आणि पायऱ्या मोजल्या’ असं सांगणारी मुलगी समोर आली तर मी पुढचे प्रश्नच विचारणार नाही. फक्त दोष टर्नरवर किंवा साहेबांवर ढकलू नका, आणि कंपनीचं नाव, गिऱ्हाइकाचं नाव घेऊ नका.

मीटिंगमधली नोंद बदलून घ्या. ‘डिझाइनची चूक’ म्हणजे नेमकं काय ते लिहिलेलं हवं: शोल्डरचा रेडियस ड्रॉइंगवर नव्हता, ड्रॉइंग तपासणाऱ्याच्याही ते लक्षात आलं नाही, टर्नरने विचारलं नाही, तयार शाफ्टच्या तपासणीत मोजला गेला नाही. चार ठिकाणी थांबू शकलं असतं. तुमचं ठिकाण पहिलं, ते मान्य करा. बाकीची तीनही लिहा. कुणाला अडकवायला नाही, असं पुढचं ड्रॉइंग वेळीच अडावं म्हणून.

तिरपी_रेघ

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

बाकीच्या तीन मशीनचे शाफ्ट उघडले. एकाच्या कोपऱ्यात डाय पेनेट्रंटची लाल रेघ उमटली, परिघावर सुमारे २० मिमी. ते मशीन त्या दिवशी पूर्ण वेगात चालू होतं. त्या रेघेकडे बघताना माझे हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. नटबोल्ट, तुमचा तो एक प्रश्न नसता तर आम्ही ते उघडलंच नसतं.

साहेबांना दोन्ही हिशोब एका कागदावर शेजारी शेजारी मांडून दाखवले, ईएन २४ जुन्या कोपऱ्यासह आणि ईएन ८ नव्या कोपऱ्यासह. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्या लाल रंगाचं मी तुला सोड म्हणालो होतो.” आणि मीटिंगच्या नोंदीत चारही मुद्दे त्यांनी स्वतःच्या हाताने घातले. हे मला अपेक्षित नव्हतं.

ईएन ८ च ठेवलंय. रेडियस ४, शोल्डर ६०, स्पेसर ८ मिमी, चँफर ४.५. स्प्रॉकेट उलटं बसवलं. ७५ वर आणता आलं नाही, गार्डची प्लेट आडवी येत होती, ८२ वर थांबलो. परत हिशोब केला, ताण १०७ च्या आसपास जाणवतो, चालेल असं वाटतंय. जुना_आस काका, नजर टाकाल का? कन्व्हेयर दिवसात ४० वेळा बंद-चालू होत होता, म्हणून सॉफ्ट स्टार्टरही (मोटर हळूहळू चालू करणारा) मागवलाय. रेडियस टर्नरने मला बोलावून दाखवला, गेज लावून. मी नखही फिरवून पाहिलं.

सिम्युलेशनवाल्यांना दोन महिने मागितले, ते हो म्हणाले. जाईन की नाही ते अजून ठरत नाहीये.

ड्रॉइंगच्या रिव्हिजन सी वर माझी सही आहे. पहिला नवा शाफ्ट परवा चढला. ५० लाख फेऱ्या व्हायला १२ आठवडे लागतील, तेव्हा बेअरिंग काढून कोपरा बघायचं मेन्टेनन्सवाल्यांशी ठरवलंय. काय दिसलं ते इथेच लिहीन.

जुना_आस

८२ चालेल. मोमेंट ६०० च्या आत आहे. बारा आठवड्यांनी वाट बघतो.